एका चिठ्ठीत एकच गोष्ट

चिठ्ठी कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या जसुबेननी माझ्या टेबलावर ठेवली आणि तिच्यावर पाण्याचा ग्लास ठेवला. पंखा बंद होता, तरी.

"वाच," त्या म्हणाल्या. "मी वाचलेली नाही. पण दमु चालली."

"वाचली नाहीत, तर कळलं कसं?"

"घडी नव्हती घातलेली. डोळ्यांना काय झाकण लावू?"

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानाचा चतकोर तुकडा होता. त्यावर एकच ओळ: 'शनिवार शेवटचा दिवस.' खाली, दमयंती. त्या दिवशी मंगळवार होता.

मोरबीत घड्याळांचे कारखाने गल्लोगल्ली आहेत आणि बहुतेकांकडे तपासणीचं यंत्र आहे. आमच्याकडे यंत्र आहे आणि दमयंतीबेन आहेत. साठ घड्याळांची फळी त्यांच्यासमोर ठेवायची. काटे नसलेली, तबकडी नसलेली, नुसती टकटकणारी साठ पोटं. त्या डोळे मिटून बसतात आणि पाच-सात मिनिटांनी उठून एखाद्या घड्याळापुढे चिंचोका ठेवतात. ते घड्याळ उघडलं की आत कुठेतरी घासलेला दाता निघतो, नाहीतर केसाएवढा प्लास्टिकचा कचरा. यंत्रानं त्याच घड्याळाला हिरवा दिवा दाखवलेला असतो. यंत्राची बाजू घेणारे दोन तंत्रज्ञ आजवर सोडून गेले. दमयंतीबेनना एकोणीस वर्षं झाली.

त्या गेल्या म्हणून कारखाना बंद पडला नसता. पण पपांना जाऊन तीन महिने झाले होते, आणि त्यांनी जे काही मागे ठेवलं होतं त्यातली ही एक गोष्ट माझ्या हातून मोडू नये असं मला फार वाटत होतं. बाकी गोष्टी, म्हणजे साचे, गिऱ्हाइकं, माणसं सांभाळायची कला, मी हळूहळू शिकले असते. अशी माणसं मात्र शिकून मिळत नाहीत.

"काही बोलल्या का?" मी विचारलं.

"बोलली ना. म्हणाली, दार उत्तर देत नाही." जसुबेननी तोंडात बडीशेप टाकली. "आता दार कधी कुणाला उत्तर देतं? मी म्हटलं, खिडकीला विचारून बघ."

मी ते हसण्यावारी नेलं. तिथे माझं चुकलं.

खरं तर माझं त्याच्या आधीच चुकलं होतं. महिन्याभरात तीन घड्याळं दुकानांतून परत आली होती. दमयंतीबेनच्या हाताखालून गेलेलं घड्याळ परत येणं ही कारखान्यातल्या बायकांच्या आठवणीत पहिलीच वेळ. त्या तिन्ही घड्याळं घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या, माझ्या डाव्या कानातल्याकडे बघत. मी अगदी प्रेमानं म्हटलं, "असू दे हो, तीनच तर आहेत. चालतं."

"चालत नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणून परत आली."

आणि गेल्या.

चिठ्ठी आली त्या दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले. फळीवर साठ पोटं टकटकत होती. मी स्टूल ओढून घेतलं आणि म्हटलं, "दमयंतीबेन, पपा गेल्यानंतर आपण सगळेच सावरतोय. तुम्हाला इथे काय खुपतंय, माझं काही चुकलं का, की कामाचा ताण आहे, की घरी काही आहे, मनात असेल ते मोकळेपणानं सांगा."

त्यांनी बोटांवर मोजलं. मग म्हणाल्या, "हे चार आहेत."

"काय चार?"

"प्रश्न." आणि डोळे मिटून घेतले.

बाहेर जसुबेन उभ्याच होत्या. "एवढाली पुस्तकं वाचलीस भावनगरच्या लायब्ररीत बसून. आमची एक दमु वाचता येईना?"

"पपा कसे बोलायचे त्यांच्याशी?"

"बापा? बापा कुठे कुणाशी बोलायचे!"

हे खरं होतं. हॉस्टेलवर असताना मी पपांना चार-चार पानी पत्रं लिहायचे. उलट टपाली पोस्टकार्ड यायचं: 'पत्र मिळालं. बरं.' पुढे मी नोकरी सोडली, लग्न करायचं नाही असं ठरवलं, आईशी भांडले, ते सगळं सविस्तर कळवलं. 'बरं.'

मग मी वाचणाऱ्या माणसांनी करायचं ते केलं. ज्यांची मनं वेगळ्या रीतीनं चालतात अशा माणसांना कामाच्या जागी कसं सांभाळावं यावर मिळेल ते एका रात्रीत वाचून काढलं, आणि राजकोटच्या स्तुती मॅडमना फोन लावला. त्या कारखान्यांमधून याच विषयाची शिबिरं घ्यायच्या. आवाज गोड आणि उत्साह असा की फोन कानापासून लांब धरावा लागला. गुरुवारी दुपारी तीनची वेळ ठरली. दमयंतीबेनना मी चिठ्ठी लिहिली. शिबिर का आहे, कशासाठी आहे, त्यांच्यावर कुठलंही दडपण कसं नाही, पण त्या आल्या तर सगळ्यांना किती आनंद होईल. दोन्ही बाजूंनी लिहिली. त्यांनी ती परत पाठवली. 'तीन वाजता' एवढ्या दोन शब्दांखाली रेघ ओढलेली होती.

गुरुवारी जोडणीच्या मोठ्या हॉलमधली टेबलं भिंतीला लावली. सव्वाशे बायका खाली बसल्या. दुपारी काम बंद आणि वर गाठिया, तळलेल्या मिरच्या आणि ताक मिळणार म्हटल्यावर ज्या रजेवर होत्या त्याही आल्या. स्तुती मॅडम पिवळ्या साडीत, हातात माइक, खांद्याला फुग्यांची पिशवी. दमयंतीबेन बरोबर तीनला येऊन दाराजवळ बसल्या आणि त्यांनी कानांवर हात ठेवले.

"मैत्रिणींनो!" मॅडम म्हणाल्या, आणि माइक किंचाळला. "सगळ्यांची मनं सारखी नसतात, बरोबर?"

"बरोबर!" सव्वाशे बायका.

"आता शेजारणीच्या डोळ्यांत डोळे घालून एक मिनिट बघायचं. न बोलता!"

"मॅडम," जसुबेन म्हणाल्या, "चाळीस वर्षांत मी नवऱ्याच्या डोळ्यांत बघितलेलं नाही. ही सविता काय मोठी लागून गेलीय?"

तरी बघितलं सगळ्यांनी. दहा सेकंद टिकलं. मग कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं आणि हसू वणव्यासारखं हॉलभर गेलं. एकीनं शेजारणीला सांगितलं की तुझ्या एका डोळ्यात काजळ आहे आणि दुसऱ्यात नाही. एकीला हसता हसता उचकी लागली. मॅडम "छान, छान, व्यक्त व्हा!" म्हणत होत्या.

पुढचा कार्यक्रम फुग्यांचा. प्रत्येकीनं आपल्या मनातली भीती फुग्यावर लिहायची आणि फुगा फोडायचा. मी हात वर केला, मॅडमपर्यंत जायला निघाले, पण मध्ये सव्वाशे बायका मांड्या घालून बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात फुगे पोचले होते. कुणी 'सासू' लिहिलं. कुणी 'पाल'. जसुबेननी 'फाल्गुनीचा स्वयंपाक', म्हणजे माझा, लिहून मला लांबूनच दाखवला.

फाट!

मग एकामागून एक, दिवाळीची लड लागावी तसे. मी दाराकडे बघितलं. दमयंतीबेनची जागा रिकामी होती.

"मॅडम, थांबा!" मी ओरडले. मॅडमना वाटलं मी उत्साहात आहे. त्यांनी माइकमधून जाहीर केलं, "आता भीती गेली! सगळ्या उभ्या राहा, गोल करा, आणि माझ्याबरोबर टाळ्या! एक, दोन, तीन!"

काठियावाडातल्या सव्वाशे बायकांना गोल करायला सांगावं आणि वर तीन टाळ्या मोजाव्यात, यापरता भाबडेपणा नाही. राजकोटच्या असून मॅडमना हे कळू नये! तिसऱ्या टाळीला पहिला गोल वळला. पाचव्याला कुणीतरी सूर लावला. दहाव्याला तीन गोल झाले, एकात एक, तिन्ही उलटसुलट फिरणारे, आणि मधल्या गोलात स्तुती मॅडम, माइक छातीशी धरून, "पण आपलं तिसरं सत्र..." म्हणत वाहून चालल्या होत्या. दर फेरीला त्या माझ्यासमोरून जायच्या. पहिल्या फेरीला गोंधळलेल्या होत्या, दुसऱ्या फेरीला हसत होत्या, तिसऱ्या फेरीला चपला काढून, पदर खोचून, बरोबर ठेक्यावर.

मी भिंतीला पाठ घासत बाहेर निसटले.

दमयंतीबेन त्यांच्या घड्याळं ऐकायच्या खोलीत नव्हत्या. पॅकिंगमध्ये नव्हत्या, फाटकाशी नव्हत्या. शेवटी सापडल्या त्या पपांच्या ऑफिसबाहेर. दाराला टेकून जमिनीवर बसल्या होत्या, कान लाकडाला लावून, डोळे मिटून.

त्या दाराला मी तीन महिन्यांपूर्वी कुलूप लावलं होतं. ज्या सकाळी पपांना घरून नेलं, त्याच सकाळी जसुबेन आणि मी कारखान्यात आलो होतो. ऑफिसात पपांचं लंबकाचं जुनं घड्याळ चालूच होतं. आमच्याकडे घड्याळ तयार होऊन बाहेर पडतं ते दहा वाजून दहा मिनिटांवर काटे लावून आणि बंद करून. तीच त्याची पाठवणी. घड्याळात तेव्हा दहा वीस झाले होते. जसुबेननी काटा दहा मिनिटं मागे घेतला, मी लंबक हातानं धरून थांबवला. कुणी सांगितलं नव्हतं. घड्याळवाल्यांना अशा वेळी दुसरं काय सुचणार? घड्याळ भिंतीवर तिरकं टांगलेलं होतं, मी ते पुसून सरळही केलं. मग कुलूप लावलं, आणि किल्ल्या पर्समध्ये टाकल्या त्या तिथेच राहिल्या.

हॉलमधून टाळ्यांचा आवाज इथवर येत होता. कारखान्यात शांत अशी ही एवढीच जागा उरली होती. मी काही न विचारता किल्ली काढली. दमयंतीबेन बाजूला झाल्या. कुलूप उघडलं, पण दार उघडेना. आत काहीतरी अडकलं होतं. मी खांदा लावला. दार खरखरत वीतभर सरकलं, आणि फटीतून कागद बाहेर आले.

चतकोर तुकडे. पाठकोरे. दाराच्या फटीतून रोज एक-दोन आत सरकवलेले, तीन महिन्यांचे. मी गुडघ्यांवर बसून उचलायला लागले.

'घड्याळ बंद आहे.'

'घड्याळ बंद आहे.'

'जसुबेनच्या बांगड्या नव्या आहेत. वाजतात.'

'घड्याळ बंद आहे.'

'नव्या बेन लांब बोलतात.'

'घड्याळ बंद आहे.'

'आज एक चुकलं असेल.'

'घड्याळ बंद आहे.'

"कुठलं?" मी विचारलं. एकच प्रश्न विचारला, हे माझं मलाच नंतर लक्षात आलं.

दमयंतीबेननी आत बोट दाखवलं. लंबकाचं घड्याळ ज्या भिंतीवर होतं ती लाकडाची होती, आणि तिच्या पलीकडे ऐकायची खोली होती.

"ते चुकत नाही," त्या म्हणाल्या. "बाकीची त्याच्यावर लावून ऐकायची." मग म्हणाल्या, "आता कशावर लावू?"

एकोणीस वर्षं पपा दर सोमवारी त्या घड्याळाला किल्ली देत होते. ती जुन्या वस्तूची माया आहे असं मी समजत होते. मी त्यांचा मान राखायला लंबक धरला होता, आणि त्याच हातानं कारखान्यातल्या सगळ्यात चांगल्या कारागिराच्या पायाखालची जमीन काढून घेतली होती. वर म्हणाले होते, चालतं.

टेबलाचा खण उघडला. आत दमयंतीबेनच्याच चिठ्ठ्या होत्या, वर्षवार दोऱ्यानं बांधलेल्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात पपांच्या अक्षरात उत्तर. 'उद्या तीनला पाहुणे दोन. एकाला खोकला आहे.' 'फळी बदलतो.' 'बरं.' 'बरं.' सगळ्यात जुन्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं होतं, 'एका चिठ्ठीत एकच गोष्ट,' आणि खाली दमयंतीबेननी लिहिलं होतं, 'बरं.'

मी दोरा पुन्हा बांधला. मग खण बंद केला.

"किल्ली देऊ?"

"अकरा वेळा," दमयंतीबेन म्हणाल्या.

"बारा दिली तर?"

"तुटेल."

घड्याळाची किल्ली ऑफिसच्या किल्लीबरोबर एकाच कडीत होती. तीन महिने ती माझ्या पर्समध्ये भाजीच्या याद्यांबरोबर फिरत होती. मी अकरा वळसे दिले. चार पंचवीस झाले होते, तेव्हा काटे दहा दहावरून पुढे न्यायचे होते. हे घड्याळ ठोके देतं, आणि ठोके चुकवून काटे पुढे नेता येत नाहीत. मी साडेदहाचा एक दिला आणि दचकले. ठण्ण असं नाही, गादीवर थाप मारावी तसं धप्प वाजलं. आत वाकून बघितलं. ठोक्याच्या हातोडीला लहान मुलाचा निळा मोजा घातलेला होता. माझाच असावा. विचारायला आता कुणी नव्हतं.

अकराचे अकरा. साडेअकराचा एक. बाराचे बारा. धप्प, धप्प, धप्प. चारपर्यंत पोचता पोचता एकोणचाळीस मऊ ठोके झाले आणि मी हसायला लागले होते, ते आवरेना. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते हसण्याचंच धरलं.

लंबक सोडला. टक... टक-टक... टक... घड्याळ लंगडत होतं.

"सरळ आहे," दमयंतीबेन नाराजीनं म्हणाल्या.

"सरळ नको?"

"बापांचं तिरकं होतं."

तेवढ्यात दारात जसुबेन आल्या, घामाघूम, मागे स्तुती मॅडम अनवाणी. "अगं छोकरी, मॅडमचं तिसरं सत्र..." म्हणता म्हणता त्यांनी चालू लंबक बघितला. तोंडातली बडीशेप चावायच्या थांबल्या. मग बांगड्या काढून पदरात बांधल्या आणि स्टुलावर चढल्या. स्टूल डुगडुगायला लागलं, ते मॅडमनी दोन्ही हातांनी धरलं.

"कुठे सरकवू, दमु?"

"डावीकडे."

टक... टक-टक.

"अजून."

टक.. टक. टक..

"अजून. फार झालं. मागे."

"अगं, एक काय ते सांग! माझं वय बघ, स्टूल बघ!"

"मागे."

दारात गर्दी झाली होती. गरबा कधी थांबला मला कळलं नव्हतं. सव्वाशे बायका बोळात, जिन्यावर, खिडकीबाहेर, एकमेकींच्या खांद्यांवर हनुवट्या ठेवून. मॅडमना माइकवरून जी शांतता तासभर मिळाली नव्हती ती तिथे आपोआप पडली होती. ज्या बाईला उचकी लागली होती तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, आणि दर उचकीला तिचे फक्त खांदे उडत होते.

जसुबेननी नखाएवढं मागे सरकवलं.

टक. टक. टक. टक.

दमयंतीबेननी डोळे मिटले. आम्ही सगळ्यांनी श्वास धरले. मग त्या वळल्या, गर्दीतून वाट काढत पलीकडच्या खोलीत गेल्या. लाकडाच्या भिंतीआडून फळी सरकल्याचा आवाज आला. पाच मिनिटं काही नाही. सातव्या मिनिटाला टिक् असा बारीक आवाज आला. चिंचोका ठेवल्याचा. थोड्या वेळानं दुसरा.

सव्वाशे बायकांचे हात टाळीसाठी वर गेले. जसुबेननी स्टुलावरूनच बोट उगारलं. हात जिथल्या तिथे थांबले, आणि टाळीला जागा मिळेना म्हणून ती सगळी हसू होऊन बाहेर पडायला बघू लागली. बायकांनी पदर तोंडात कोंबले. सविता खाली बसली. दोघी एकमेकींना धरून, आवाज न करता, थरथरत जिना उतरल्या. स्तुती मॅडम स्टूल सोडायचं विसरून तशाच ओणव्या, डोळे पुसत होत्या.

"गोरधनभाई हे कुठे शिकले होते?" त्या कुजबुजल्या. "कुठला कोर्स?"

"बापा?" जसुबेन खाली उतरत म्हणाल्या. "घड्याळाचा."

शुक्रवारी मी माझं टेबल पपांच्या ऑफिसात हलवलं. संध्याकाळी निघण्याआधी दमयंतीबेनच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली: 'शनिवारी पाहुणे नाहीत.' बाकी जे लिहायचं होतं, आणि ते पुष्कळ होतं, ते लिहून फाडलं.

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी टेबलाशी बसले होते आणि दाराच्या फटीकडे बघत होते. बाजूला घड्याळ चालू होतं, तिरकं. सव्वानऊ झाले. जसुबेन दोनदा डोकावून गेल्या, काही काम नसताना.

नऊ वीसला कागदाचा तुकडा आत सरकला.

'मंगळवारची चिठ्ठी परत द्या.'

मी ती ग्लासाखालून काढली, दाराखालून बाहेर सरकवली. पलीकडे ती उचलल्याचा, मग फाडल्याचा आवाज आला. पावलं गेली नाहीत. दुसरा तुकडा आत आला.

'फुगे नकोत.'

मी लिहायला बसले. झाल्याबद्दल मला किती वाईट वाटतं, त्या थांबल्या याचा किती आनंद आहे, पपांना काय वाटलं असतं. तीन ओळी झाल्या. दाराबाहेर त्या उभ्याच होत्या, उत्तराची वाट बघत. मी कागद बाजूला ठेवला, नवा तुकडा घेतला आणि त्यावर लिहिलं:

'बरं.'